फ्लामेंको गिटार: तासाभराचा रियाज कसा बसवावा?

तर्जनी_मध्यमा

मंडळी, इथे क्लासिकल गिटारवाले बरेच दिसतात, फ्लामेंकोवाले थोडे. तरी विचारतो.

क्लासिकलच्या काही परीक्षा दिल्यावर मी फ्लामेंकोकडे वळलो. शिक्षक स्पेनमधले, शिकवणी ऑनलाइन, पंधरा दिवसांतून एकदा. मधले दिवस माझे मलाच निभवायचे असतात. ऑफिस, हिंजवडीचं ट्रॅफिक आणि घरचं सगळं उरकून हातात एक तास उरतो, तोही रात्री साडेनऊनंतर. सध्या तो असा जातो: मेट्रोनोम लावून पिकादोचे स्केल पाव तास, रास्गेआदो पाव तास, त्रेमोलो आणि आर्पेहिओ दहा-दहा मिनिटं, आणि उरलेल्या दहा मिनिटांत शिकवलेली फालसेता.

सुटं सुटं सगळं बरं वाजतं. पण पाल्मासचं, म्हणजे टाळ्यांचं रेकॉर्डिंग लावून सोलेआ घेतली की तिसऱ्या-चौथ्या आवर्तनात आपण कुठे आहोत तेच कळेनासं होतं. फालसेता संपते तेव्हा टाळ्या भलतीकडेच असतात. तास वाढवणं शक्य नाही. आहे त्यात काय टाकू आणि काय ठेवू?

नव्या वाचकांसाठी: सोलेआ, बुलेरीआस, तांगोस हे सगळे पालो, प्रत्येकाचा ताल आणि स्वभाव वेगळा. कोम्पास म्हणजे तो ताल. गाण्याच्या दोन कडव्यांमध्ये गिटारवाला जो तुकडा वाजवतो ती फालसेता. पिकादोत तर्जनी आणि मध्यमेने आळीपाळीने एकेक सूर काढतात. रास्गेआदोत बोटं एकामागोमाग बाहेर झटकून सगळ्या तारांवरून नेतात. त्रेमोलोत एकच सूर भरभर पुन्हा पुन्हा छेडतात, आर्पेहिओत कॉर्डचे सूर एकेक करून.

त्रियानाची_वाट

सेव्हिलमध्ये नोकरी सांभाळून गिटार शिकतोय, त्यामुळे जरा लांबण लावतो, सांभाळून घ्या.

तुमच्या तासात तंत्राला पन्नास मिनिटं आणि तालाला जवळजवळ शून्य. इथे उलटं चालतं. गिटारवाल्यांच्या घरातली पोरं गिटार हातात यायच्या आधीपासून टाळ्या देत असतात. पुढे गिटार शिकायला लागली की त्यातल्या अनेकांचा खरा अभ्यास होतो तो नाचाच्या वर्गात. संध्याकाळभर खुर्चीत बसून एकच सोलेआ वाजवायची. नर्तकी यामादा देते, म्हणजे पायांनी इशारा करते की आता भाग बदलतोय, तेव्हा तिच्याकडे बघून तिच्याबरोबर बंद करायचं. एस्कोबिया सुरू झाला, म्हणजे नुसतं पायांचं काम, की संथ लयीपासून तिच्याबरोबर चढत जायचं. तुमचा पिकादो किती वेगाचा हे तिथे कुणी विचारत नाही. दहावर थांबलात की नाही, एवढंच बघतात.

सोलेआचे बारा ठोके तोंडाने म्हणून बघा. जोर ३, ६, ८, १० आणि १२ वर. म्हणजे आधी तीन-तीनचे दोन गट आणि मग दोन-दोनचे तीन. वाक्य पूर्ण होतं ते दहावर, ई मेजरवर येऊन. अकरा-बारावर बोटं काहीबाही भरत असतात, पण म्हणायचं ते म्हणून झालेलं असतं. माझा अंदाज असा की तुम्ही फालसेता मनात बारावर संपवताय, म्हणून टाळ्यांशी तिचं जमत नाही.

तुमच्या जागी मी पहिली दहा मिनिटं गिटारला हातच लावणार नाही. पाय आणि टाळी, बस्स. टाळी सोर्दास, म्हणजे दोन्ही तळवे खोलगट करून दबकी द्यायची. साडेनऊनंतर तेवढीच चालेल. आधी जोराच्या जागीच टाळी, मग सगळ्या बारावर, मग पाय ठोक्यावर आणि टाळी दोन ठोक्यांच्या बरोबर मध्ये. या मधल्या टाळीला कोन्त्रा म्हणतात. ती अंगात उतरेपर्यंत बुलेरीआसचं नाव काढू नये असं माझं ठाम मत आहे, इथे कुणाला पटो न पटो.

नंतर वीस मिनिटं गिटारवर नुसता ताल. एक पालो, दोन-तीन कॉर्ड, गोल्पेसकट. गोल्पे म्हणजे अनामिकेची लाकडावरची टिचकी. ती तर्जनीच्या खालच्या झटक्याबरोबर एकाच वेळी पडली पाहिजे, आणि हे एक काम स्वतंत्र वेळ खातं. रास्गेआदोचा वेगळा व्यायाम मी बंद करीन, तो इथेच होतो. आज तीनवर चार बोटांचा, उद्या दहाच्या तोंडाशी आबानिको, म्हणजे अंगठा वर, बोटं खाली, अंगठा खाली असा तिघांचा फेरा. आवर्तन बंद करण्याच्या जागा, रेमाते, दोन-तीन तऱ्हेने करून बघायच्या.

पुढची वीस मिनिटं एक फालसेता, पण एकटी नाही. दोन आवर्तनं ताल, मग फालसेता, रेमाते, पुन्हा दोन आवर्तनं ताल. ताल न मोडता आत शिरता आणि बाहेर पडता आलं तरच ती आली म्हणायची. तुम्ही आता फालसेता शून्यातून सुरू करून शून्यात संपवत असणार. बहुतेक ऑनलाइन शिकवण्यांत तशीच शिकवतात, कारण व्हिडिओ तेवढ्याच तुकड्याचा असतो.

शेवटची दहा मिनिटं कानाची. गाण्याचं जुनं रेकॉर्डिंग लावा, फर्नांदा दे उत्रेराची सोलेआ आणि साथीला दिएगो देल गास्तोर असलं तर उत्तम. गिटार मांडीवर घ्या, आवाज न काढता कॉर्ड धरत जा. गाणारी कुठे बदल मागतेय ते ओळखायचं. मुळात हे साथीचं वाद्य. गिटारवादक रामोन मोन्तोयाने १९३६ मध्ये पॅरिसला एकल वादन ध्वनिमुद्रित केलं, पण त्याचंही आयुष्य गाणाऱ्यांच्या शेजारच्या खुर्चीत गेलं.

आणि एक पालो धरला की दोन-तीन महिने सोडायचा नाही.

ठेका_धरा

तबल्याच्या गल्लीतून आलोय. वरच्या प्रतिसादाला +१.

आमचा एकतालही बारा मात्रांचा, म्हणून सोपं जाईल असं वाटतं. तसं होत नाही. एकतालात दोन-दोनचे सहा विभाग आणि सगळी ओढ पहिल्या मात्रेकडे. सोलेआत एकवर काहीच घडत नाही, आणि आपल्याकडे कान तयार झालेला माणूस सगळं एकवर आणून आपटायला बघतो. तिहाईची, म्हणजे तुकडा तीनदा वाजवून समेवर येण्याची, सवय तर फारच नडते.

उपयोगी पडते ती पढंत, म्हणजे ताल तोंडाने म्हणणं. हातात काही न घेता, चालता-बोलता, लिफ्टची वाट बघताना बारा म्हणत राहायचे.

गंमत म्हणून: हेच बारा ठोके आठपासून म्हणायला सुरुवात करा. जोर येतात ८, १०, १२, ३, ६ वर. दोन आखूड, दोन लांब, एक आखूड. ही सेगिरिया. वाजवणारे ती बारात मोजत नाहीत, असमान लांबीचे पाच ठोके मोजतात.

नखावर_नाव

त्रियानाशी निम्मा सहमत, निम्मा नाही.

कोम्पास आधी, मान्य. पण पिकादो तालाच्या मागून आपोआप येतो हे खरं नाही. रास्गेआदो येईल, कारण तालात तो सतत लागतो. साध्या सोलेआत पिकादो किती वेळा येतो? फालसेतेतला एखादा तुकडा. तेवढ्यावर हात तयार होत नाही. दहा मिनिटं वेगळी काढाच, आणि सुरुवातीला, हात ताजा असताना. पण पाव तासभर स्केल वरखाली करणं हा वेळ घालवण्याचा सभ्य मार्ग आहे.

मी काय करतो ते सांगतो. आधी एकच मोकळी तार. बोट तार छेडून वरच्या शेजारच्या तारेवर टेकतं, आणि ते टेकत असतानाच दुसरं बोट सुटून पुढे आलेलं असलं पाहिजे. दोन्ही बोटं एकाच वेळी गुंतली की वेग तिथेच अडतो. अंगठा सहाव्या तारेवर ठेवलेला. मग दोन तारा, कारण पिकादो मोडतो तो जवळजवळ नेहमी तार बदलताना. तोच तुकडा एकदा तर्जनीने सुरू करा, एकदा मध्यमेने. तार ओलांडणारं बोट बदलतं आणि अडचण कुठे आहे ते लगेच उघडं पडतं.

वेगासाठी मेट्रोनोम रोज दोन-दोनने चढवणं सोडा. त्याऐवजी छोटे झटके: चार सूर दुप्पट वेगाने, पाचव्यावर थांबा. थांबल्यावर खांदा, कोपर, जबडा बघा. जबडा आवळलेला असतोच, पैज लावतो. सैल करा, पुन्हा चार सूर. चार बिनताणाचे आले की सात-आठ. संथ वाजवताना बोटांची हालचाल मात्र वेगात असते तेवढीच लहान ठेवा. संथ म्हणून मोठी हालचाल केलीत तर हात वेगळंच काहीतरी शिकतो.

त्रेमोलोबद्दल: क्लासिकलमधून आलात म्हणजे अंगठा-अनामिका-मध्यमा-तर्जनी हातात बसलेलं असणार. फ्लामेंकोचा त्रेमोलो पाच सुरांचा, अंगठा-तर्जनी-अनामिका-मध्यमा-तर्जनी. दोन्ही एकाच तासात करू नका, काही महिने जुना बाजूला ठेवा. किंवा सरळ दोन्ही ठेवा बाजूला. सोलेआचा ताल डळमळतोय तोवर त्रेमोलोची काही घाई नाही.

त्रियानाची_वाट

दहा मिनिटं पिकादोला दिली. पण ती माझ्या वीस मिनिटांच्या तालातून काढू नका, त्रेमोलो-आर्पेहिओतून काढा.

तर्जनी_मध्यमा

जबडा आवळलेला होता. पैज जिंकलात.

एक राहिलंच. शिक्षकांनी आल्सापुआ, म्हणजे अंगठ्याने खाली-वर वाजवायचं तंत्र, शिकवायला घेतलंय, आणि पाच-सात मिनिटांत अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागतं. हे सवयीने जातं का?

मांडवीकाठ

सवयीने जात नाही, वाढतं. दुखलं की थांब. "थोडं दुखणारच" म्हणणारे भेटतील, त्यांचं ऐकू नकोस.

तू बहुतेक अंगठ्याचं टोक वाकवून तार उचलतोयस. आल्सापुआत अंगठा सरळसा राहतो आणि हात मनगटाच्या वरून, कोपरापासून फिरतो, कुलपात किल्ली फिरवावी तसा. हालचाली तीन. पहिली खाली, एकाच तारेवर, आणि अंगठा पुढच्या तारेवर जाऊन टेकतो. दुसरी खाली, दोन-तीन तारांवरून. तिसरी त्याच तारांवरून वर, नखाच्या पाठीने. पहिलं टेकणं नीट झालं की पुढच्या दोघींना जोर लागत नाही. बहुतेकांचं टेकणंच होत नाही, अंगठा हवेत तरंगत राहतो आणि सगळा भार मुळावर येतो.

डाव्या हाताने तारा नुसत्या झाकून धर, सूर निघू देऊ नकोस. मग तिन्ही हालचालींचा आवाज सारखा आहे का ते स्वच्छ कळतं. परतीची हालचाल सुरुवातीला बारीकच ठेव, तिला मोठं करायच्या नादात अंगठा अडकतो. एका बैठकीत तीन-चार मिनिटं पुरे. आठवड्याभरात दुखणं हटलं नाही तर फिजिओथेरपिस्टला हात दाखव, धाग्यावर विचारत बसू नकोस.

अवांतर: आमच्याकडे पणजीत फ्लामेंको वाजवते म्हटलं की फादोची, म्हणजे पोर्तुगीज गाण्याची, फर्माईश होते. ती गिटार वेगळी, बारा तारांची, आणि देशही शेजारचा. दर वेळी समजावते, दर वेळी तेच.

सहावा_मजला

रात्री वाजवणाऱ्यांसाठी: ब्रिजच्या अगदी जवळ तारांखाली दुमडलेलं मऊ फडकं सरकवा. सूर मरतो, ठोका राहतो. उजव्या हाताचा सगळा अभ्यास यात होतो, उलट जास्त प्रामाणिक होतो, कारण घुमणाऱ्या आवाजाखाली लपायला जागा नसते. गोल्पे मात्र खाली ऐकू जातो. आमच्या खालच्या मजल्यावरून कुणीतरी छताला काठीने ठोकून उत्तर देतं. तालात नसतं.

नखं: ६०० नंबरच्या वॉटर पेपरने आकार, १००० ने शेवटचा हात. रोज, वाजवायच्या आधी, मिनिटभर. नख खरखरीत असलं तर रास्गेआदो कितीही चांगला असो, तारांवर घासल्यासारखाच वाजणार. रास्गेआदोत नखाची पाठ आपटते म्हणून करंगळीचं नखही जपा. तुटणारी नखं असतील तर बरेच वादक सुपरग्लूचा पातळ थर देतात.

आणि पावसाळ्यात गिटार भिंतीवर टांगून ठेवू नका. फ्लामेंकोची गिटार सायप्रसच्या पातळ लाकडाची आणि तारा फळीला जवळ बसवलेल्या. दमट हवेत लाकूड फुगलं की तारांची उंची बदलते आणि तुम्ही हाताला दोष देत बसता. केसमध्ये, सिलिका जेलसकट.

बाबूराव_बुलेरीआस

सगळं ठीक आहे हो, पण फ्लामेंकोचा विख्यात गिटारवादक पाको दे लुसिया लहानपणी दिवसाला बारा-बारा तास वाजवायचा असं सांगतात. तासाभरात काय फ्लामेंको होणार? छंद म्हणा आणि सोडून द्या.

त्रियानाची_वाट

छंदच म्हणतोय, कुणाला पाकोच्या आल्खेसिरासला जाऊन जन्म घ्यायचाय?

पण ते बारा तास काय होते तेही बघा. वडील अंतोनिओ गिटारवाले, थोरला भाऊ रामोन दे आल्खेसिरास गिटारवाला, दुसरा भाऊ पेपे गाणारा. पोरगा खोलीत बसून स्केल घोटत होता असं चित्र आपण रंगवतो. घरात गाणं चालू, साथ चालू, भावाने गिटारवादक निन्यो रिकार्दोच्या फालसेता आणून शिकवलेल्या. तंत्र आणि ताल वेगळे काढायची वेळच आली नसणार. आपल्याला ते घर मिळालेलं नाही, म्हणून तासातली दहा मिनिटं टाळ्यांना आणि दहा गाण्याला द्यायची. माझा सगळा मुद्दा तेवढाच आहे.

आणि पाको पोरसवदा वयात नाचाच्या ताफ्याबरोबर अमेरिकेला गेला तेव्हा तिथे साबिकास भेटला. साबिकास म्हणजे पिकादोचा बादशहा. त्याने काय सांगितलं? स्वतःचं संगीत वाजव. तास वाढव असं नाही सांगितलं.

नखावर_नाव

पाकोला तास वाढव सांगायची गरज नव्हती म्हणून नाही सांगितलं. :)

पण बाबूराव, वरचा दिएगो देल गास्तोर ऐका. मोरोन दे ला फ्रोन्तेरातला माणूस, गाव सोडून फारसा गेला नाही, १९७३ मध्ये वारला. वेगाच्या हिशेबात आजचा कॉलेजातला पोरगाही त्याला मागे टाकेल. अंगठा, थोडे लिगादो (डाव्या हाताच्या बोटांनीच काढलेले जोडसूर), आणि जागा सोडण्याची हिंमत. त्याच्या फालसेता आज जगभर वाजवल्या जातात. मी तंत्राच्या बाजूचा माणूस आहे, तरी हे कबूल करावंच लागतं.

तर्जनी_मध्यमा

काही दिवस करून बघितलं, म्हणून अहवाल देतो.

आता क्रम असा: दहा मिनिटं पाय आणि टाळी, दहा पिकादोचे झटके, वीस सोलेआचा ताल, पंधरा फालसेता तालाच्या मध्ये ठेवून, पाच गाणं. गाण्याचा वेळ कमी पडतो हे माहीत आहे. तो गाडीत भरून काढतो. ट्रॅफिकचा पहिल्यांदाच उपयोग झाला. त्रेमोलो बंद. आल्सापुआ एक दिवसाआड तीन मिनिटं, दुखणं थांबलंय.

फालसेता दहावर संपवायची हे कळल्यावर तिचा अर्थच बदलला. शेवटचे दोन ठोके मी उगाच ओढत होतो. पण एक अडचण आहे: मेट्रोनोमचे बाराही ठोके ऐकू येतात तोवर ठीक, ते काढून नुसत्या पाल्मास ठेवल्या की पुन्हा घसरतो. आणि लय किती ठेवू?

त्रियानाची_वाट

लय ७०-८०, त्यावर नको. संथ सोलेआ जास्त कठीण असते, पण चूक ऐकू येते.

बारा ठोक्यांचा मेट्रोनोम म्हणजे कुणीतरी हात धरून रस्ता ओलांडवतंय. एकेक ठोका काढत जा. आधी फक्त ३, ६, ८, १०, १२. ते जमलं की फक्त १२ आणि ६. मग फक्त १२. शेवटी तो एकुलता ठोका १२ ऐवजी ३ वर आहे असं धरून वाजवा. डोकं भणभणेल, पण आवर्तन तुमच्या आत तयार होईल. रोज सगळं नको, आठवडाभर एकच पायरी.

स्वतःचं वादन फोनवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी त्यावर टाळ्या द्या. घसरण नेमकी कुठे होते ते टाळी सांगते. पैजच लावायची तर माझी पैज सातवर: तीन-तीनचे गट संपून दोन-दोनचे सुरू होतात तिथे लोक अर्धा ठोका खातात.

ठेका_धरा

सातवरच्या पैजेत मीही आहे.

तर्जनी_मध्यमा

ऐकलं. सातवरच. दोघांनाही मिसळ लागू, पुण्यात आलात की.

मग पुढचा पालो कुठला? बुलेरीआसचं नाव काढत नाही, घाबरू नका.

मांडवीकाठ

आलेग्रीआस घे. तेच बारा ठोके, जोरही तिथेच, पण मेजरमध्ये आणि लय जरा चालती. ई मेजरमध्ये घेतलीस तर अर्धी बोटं सोलेआतून ओळखीची असतील. तीन-सहा-आठ-दहा-बारा वेगळ्या चेहऱ्याने भेटले की पक्के होतात. तांगोस मध्ये मध्ये वाजव, चार ठोक्यांचा आहे, डोक्याला विश्रांती.

बुलेरीआसला गेलास की लय २०० च्या वर जाते आणि प्रत्येक ठोक्यावर मेट्रोनोम म्हणजे नुसता गोंगाट. तेव्हा दर दोन ठोक्यांना एक असा लाव, आवर्तनात सहा, आणि पाय त्याच्यावर ठेव. पण ते पुढच्या वर्षीचं.

ठेका_धरा

आलेग्रीआसच्या पाल्मास हव्या असतील तर लय सांगा, मी आणि मुलगी मिळून रेकॉर्ड करून इथे टाकतो. ती कोन्त्रा देते, माझ्यापेक्षा बरी देते.

तर्जनी_मध्यमा

१०० ची टाका. आणि एक ८० ची, खरं वाजवायला.